पाच पायांचं जनावर

४ जून

प्रिय आजी,

फोनवर तू नुसतं "हो हो, बरं बरं" करतेस आणि मी काय बोलले ते तुला ओ की ठो कळलेलं नसतं, म्हणून हे पत्र. आई म्हणाली, पत्रच लिही, आजी ते खालच्या शिंप्यालाही वाचून दाखवते, म्हणजे एका तिकिटात दोघांची करमणूक.

आजी, आमच्या घरी चंद्रावरून भांडण पेटलंय. शाळेत वादविवाद आहे: चंद्रावर माणूस उतरल्याचे फोटो खरे की खोटे? मी "खरे"च्या बाजूने. जेवताना मी हे सांगितलं तर बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"खोटे आहेत," म्हणाले.

"कशावरून?"

"फोटो आहेत ना, त्यावरून."

तुला माहीतच आहे, दिवसभर दुकानादुकानांतले तराजू आणि वजनं तपासून त्यांचा स्वभावच तसा झालाय. म्हणाले, "मी फोटोवाल्याच्या घरात वाढलोय. माझ्या आईने लोकांचे मिटलेले डोळे उघडलेत, टकलांवर केस उगवलेत, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावांना एका बाकावर बसवलंय. तिला सांगितलं असतं तर तिने दुपारच्या जेवणाआधी चंद्रावर माणूस उभा केला असता."

मी हसले. ते नाही हसले. म्हणाले, "खोटा फोटो कसा असतो ते बघायचंय? आजीच्या पुढच्या खोलीत भिंतीवर बघ." आणि उठून गेले. तीन दिवस झाले, माझ्याशी कामापुरतं बोलतात. गंमत म्हणजे हाच माणूस मी लहान असताना मला पाच पायांच्या जनावराची गोष्ट अगदी शपथेवर खरी म्हणून सांगायचा. पाच पाय, पाठीला कुबड आणि डोकंच नाही. ते चालतं आणि चंद्र चालत नाही!

तुझ्या पुढच्या खोलीत तर एकच फोटो आहे. बाबांच्या शाळेचा पहिला दिवस. तू, आजोबा आणि मध्ये बाबा. त्यात खोटं काय आहे?

सोबत चंद्राचे चार फोटो पाठवते. लोक विचारतात, आकाशात तारे का नाहीत? सावल्या एका दिशेला का नाहीत? वारा नाही तर झेंडा कसा फडकतो? तूच सांग. फोटोचं तुझ्याइतकं कुणाला कळतंय?

तुझी नात

११ जून

माझ्या लाडक्या शंकासुरे,

तुला आणि तुझ्या आईला पोटभर आशीर्वाद. तुझ्या बापाला पण, जेवणावरून उठला तरी.

अगं काय मजा आणलीस! परवा पत्र आलं तेव्हापासून माझ्या घरात नुसता चंद्र चाललाय. गुडघ्याचं दुखणं विसरले. दूध उतू गेलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथीत गोवर निघाला म्हणून परीक्षा बुडाली ती बुडालीच, आणि मला कोण विचारतंय तर चंद्राचं! भिंग शोधायला सकाळ गेली. शेवटी कुठे सापडावं? डाळीच्या डब्यात. मीच ठेवलं असणार, खडे बघायला.

तर ऐक. तुझ्या बापाने सांगितलं ते सगळं खरं आहे. मी टचिंग करायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला निगेटिव्ह म्हणजे काय ते माहीत नव्हतं, वाटलं भुताचे फोटो आहेत. तुझ्या आजोबांनी मला बारीक पेन्सिल दिली, ब्लेडचा तुकडा दिला, तीन केसांचा ब्रश दिला, आणि म्हणाले, देवीचे व्रण तेवढे बुजव. मी व्रण बुजवता बुजवता लोकांची नाकं सरळ करायला लागले. एका सावकाराची हनुवटी मी एवढी छान केली की तो पुढे आयुष्यभर मान वर करून चालला. तेव्हा खोटं कसं करतात ते मला शिकवायला नको. म्हणून तुझे चार फोटो मी पोलीस बघतो तसे बघितले.

ताऱ्यांचं सोपं आहे. तिथे लख्ख ऊन पडलंय, माणसाचे कपडे पांढरेशुभ्र. एवढ्या उजेडात कॅमेऱ्याचा डोळा पापणी लवते न लवते तेवढाच उघडायचा, नाहीतर सगळं पांढरं फटक. तेवढ्यात बिचाऱ्या ताऱ्यांचा उजेड पोचणार कसा? आजोबांनी एकदा हौसेने रस्त्यावरच्या दिव्याखाली फोटो काढला होता, वर आभाळ ताऱ्यांनी गच्च. फोटोत दिवा आला, कुत्रं आलं, तारा एक नाही.

सावल्यांसाठी मी परातीत पीठ पसरलं, त्यात उंचवटे केले, काड्यापेट्या उभ्या केल्या आणि परात उन्हात ठेवली. शिंपी वर आला तर म्हणतो, "मावशी, पिठाला ऊन कशाला दाखवताय?" मी म्हटलं, "पीठ नाही ते, चंद्र आहे." बिचारा दाराशीच थांबला. पण मग त्यानेही बघितलं. सपाटीवरच्या पेटीची सावली सरळ, उतारावरच्या पेटीची वाकडी आणि लांब. सूर्य एकच. जमीन वाकडी असली की सावलीही वाकडी.

झेंड्याचा निकाल शिंप्याने लावला. फोटो हातात घेतला आणि म्हणाला, "हे फडकत नाहीये हो. वरच्या काठात दांडी घातलीय, आणि कापड किती तरी दिवस घडीत होतं. चुण्या आहेत या. इस्त्री न करता नेलंय." एवढ्या लांब जायचं आणि इस्त्री नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

पण मला पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. तो एकटा माणूस उभा आहे बघ, डोक्यावर काचेचा मोठा गोळा असलेला. भिंग लाव आणि त्या काचेत बघ. काचेत समोरची जमीन दिसते, आणि तिथे, मुंगीएवढा, दुसरा माणूस आहे. फोटो काढणारा! ते बघितलं आणि मी खुर्चीतच टाळी वाजवली. अगं, खोटा फोटो करणारा सगळ्यात आधी स्वतःला पुसतो. आमच्या दुकानात पहिला नियमच तो होता. आजोबा म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या फोटोत आपलं काही दिसता कामा नये. आरशात कॅमेरा आला, पुस. चष्म्यात दिवा चमकला, पुस. सकाळी बाहेर फोटो काढला आणि कॅमेऱ्याची सावली पुढे आली, पुस. मी न बघता पुसायचे, हाताला सवयच होती. चंद्रावर कुणी पुसलं नाही. म्हणजे तिथे माझ्यासारखी कुणी नव्हती. म्हणजे खरा!

बाईंना सांग, आजीने सही केली.

पुढच्या खोलीतल्या फोटोचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या बापाला त्या खोलीत धुळीने शिंका येतात. इथे आला की आत स्वयंपाकघरात पाटावर बसतो, पुढे येतच नाही. त्या रागाने बोलला असेल. मी आज दोनदा झाडून घेतलंय.

खूप अभ्यास कर, पण डोळे जप.

आजी

१९ जून

प्रिय आजी,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. बाई शिंप्याच्या इस्त्रीपाशी इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. बाबांनाही वाचायला दिलं. त्यांनी सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "हुशार आहे आई. नियम सांगितला, पण पूर्ण नाही."

मग मी तेच केलं जे तू शिकवलंस. सुट्टीत मी तुझा खिडकीपाशी फोटो काढला होता ना, पत्र्याच्या डब्यावर बसून तू हसतेस तो? त्यात मागे भिंतीवर शाळेचा फोटो आलाय. मी भिंग लावलं.

आजी, रागावू नकोस. तुझी सावली मागे पडलीय, बाबांची सावली मागे पडलीय. आजोबांना सावलीच नाही. तुमच्या दोघांच्या तोंडावर समोरून ऊन आहे. आजोबांच्या नाकाची सावली गालावर आडवी पडलीय, जसा बाजूला दिवा लावलाय.

आणि आणखी एक. बाबा खाली मान घालून रडतायत, ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आई त्यावरून चिडवते. पण ते पायाशी नाही बघत. पुढे, जमिनीकडे बघतायत, डोळे फाडून. तिथे काही नाही. नुसती मोकळी जमीन. पाच वर्षांचं पोर मोकळ्या जमिनीला इतकं का घाबरेल?

तूच लिहिलंस, काढणारा पुसला जातो. मग हा फोटो काढला कोणी?

वादविवाद दहा जुलैला आहे. बाबा म्हणाले, ऐकायला येणार नाही.

तुझी नात

२४ जून

चि. नातीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. इथे सगळं ठीक. डोळे दुखतायत म्हणून थोडक्यात लिहिते. शिंप्याची मशीन बिघडली होती, आता नीट आहे.

फोटो जुना आहे. जुन्या फोटोत सावल्या उडतात. कोणीतरी काढला असेल, इतक्या वर्षांचं कोण लक्षात ठेवतं? आजोबा त्या दिवशी होते एवढं मी सांगते. बापाला सांग, उगाच मनात काही धरू नये.

वादविवाद नीट कर.

आजी

२६ जुलै

आजी,

तुझं पत्र आल्यापासून एक महिना झाला. तू फोनवरही येत नाहीस, शिंपीच बोलतो. "मावशी ठीक आहेत, माळ्यावर काहीतरी शोधतायत," एवढंच सांगतो. काय शोधतेस?

मी वादविवादात दुसरी आले. पहिला आला तो मुलगा "खोटे"च्या बाजूचा होता, पण बाई म्हणाल्या, परातीतला चंद्र विसरता येणार नाही.

पण मी लिहितेय ते बाबांबद्दल. तुझं छोटं पत्र मी त्यांना दाखवलं. दाखवायला नको होतं का, कळत नाही. "कोणीतरी काढला असेल," हे त्यांनी दोनदा वाचलं. मग माझ्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. त्यांना असं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं.

ते अकरा वर्षांचे असताना हवा दमट होती आणि भिंतीवरच्या फोटोची एक कड सुटली होती. त्यांनी नखाने ओढली. आजोबांचं कोपर हातात आलं. खाली शाळेच्या फाटकाचे गज. त्यांनी थुंकी लावून कोपर परत चिकटवलं आणि कुणालाच सांगितलं नाही. आजोबांना विचारायचं होतं, पण रोज उद्यावर ढकललं, आणि मग आजोबाच गेले.

बाबा म्हणाले, "मला आठवतं ना. त्या दिवशी ते नव्हते. येतो म्हणाले होते. मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो, समोर ते पाच पायांचं जनावर होतं, मला मारायला उठलं होतं. मी रडत होतो. माझे बाबा असते तर त्यांनी ते हाकललं असतं. नव्हते म्हणूनच तर आईने चिकटवले. त्यांना दुकानातून सवड झाली नाही, हे मला चाललं असतं गं. पण आई वर्षानुवर्षं फोटो दाखवून म्हणाली, होते की, हे बघ होते. आणि मलाच वाटायला लागलं, मी खोटा आहे."

म्हणून ते तुझ्या पुढच्या खोलीत बसत नाहीत, आजी. धुळीमुळे नाही.

त्यांचा राग नाहीये. फक्त एकदा खरं सांग. आजोबा त्या दिवशी आले होते की नाही?

तुझी नात

३ ऑगस्ट

माझ्या बाळा,

हे पत्र तुला. तुझ्या पोरीने वाचलं तरी चालेल, ती भिंग लावून वाचणारच आहे.

सगळ्यात आधी हे. मी खोटं केलं. तुझा बाप त्या फोटोत मी चिकटवला. माझ्या हाताने, गोंदाने, या खिडकीत बसून. पोरीला "कोणीतरी काढला असेल" असं लिहिलं तेही खोटं. मला लाज वाटली. चंद्राच्या फोटोवर सही करून बसलेली बाई, आणि घरातल्या भिंतीवर हे! दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आणि आता हे ऐक. तुझा बाप त्या दिवशी होता. तूही खोटा नाहीस. कसं ते सांगते, पण मला माझ्या चालीने सांगू दे, मला सरळ सांगता येत नाही ते तुला माहीत आहे.

तुझ्या शाळेच्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं. दुकान ते कधी बंद ठेवत नसत, ताप आला तरी शालीत गुंडाळून उभे राहायचे. त्या दिवशी मोठा कॅमेरा खांद्यावर घेऊन आपल्याबरोबर चालत आले. तो कॅमेरा दुकानाबाहेर त्याआधी कधी गेला नव्हता, आणि तुला दुकानाच्या खोलीत मज्जाव होता, कारण तू एकदा फोटो धुवायच्या औषधाच्या, हायपोच्या ट्रेमध्ये चेंडू टाकला होतास. शाळेच्या अलीकडे वळणावर ते मागे राहिले, कॅमेरा लावायला. तुला वाटलं गेले. मी तुझ्या बुटाची नाडी बांधत होते, मान वर केली तेव्हा तू भोकाड पसरलं होतंस. मला वाटलं शाळेला घाबरतोस. सगळीच पोरं रडत होती.

घरी येऊन फोटो धुतला तर छान आला, पण दोघांचाच. मी म्हटलं, तुम्ही कुठे आहात? ते हसले. म्हणाले, "मी होतोच की तिथे." मी म्हटलं, दिसायला नको? लोकांच्या घरातली जोडपी मी जोडली, माझ्या घरात माझाच नवरा नाही? नवा दिवा आला होता तेव्हा उजेड तपासायला ते स्वतः उभे राहिले होते आणि कॅमेऱ्याचा रबरी फुगा मी दाबला होता, त्यांचा आख्खा उभा फोटो तेवढा एकच. तो मी कापला आणि तुझ्या बाजूला लावला. जोडलेल्या फोटोचा परत फोटो काढून एकसंध कॉपी करायचा आळस केला, म्हणून कड सुटली.

पण त्याआधी मी आणखी एक केलं. ते मला आठवतही नव्हतं, इतकं ते हाताच्या सवयीने झालं. जूनमध्ये पोरीने विचारलं, बाबा मोकळ्या जमिनीकडे का बघतायत, तेव्हापासून मला झोप नाही. जमीन मोकळी का आहे? सकाळचं ऊन समोरून, म्हणजे काढणाऱ्याच्या पाठीमागून. मग काढणाऱ्याची सावली पुढे यायलाच पाहिजे. कुठे गेली? मी पुसली असणार. दुकानाचा नियम! फोटो घरचा आहे, गिऱ्हाइकाचा नाही, हे माझ्या हाताला कळलं नाही.

मग माळ्यावर चढले. शिंपी खालून शिडी धरून शिव्या दिल्यासारखं देवाचं नाव घेत होता. किती तरी डबे काढले. लोकांची लग्नं, लोकांची बाळं, सगळ्यांचे चेहरे काळे आणि केस पांढरे. तुझी निगेटिव्ह सापडली ती अगदी तळाच्या डब्यात, बटरपेपरात, त्यांच्या अक्षरात तुझं नाव घातलेली. निगेटिव्हवर मी हात चालवला नव्हता. टचिंग केलं ते कागदावर.

खिडकीशी धरली. तेवढ्यात पोरीचं पत्र आलं, दुसऱ्या हातात ते. जनावराचं वाचलं आणि बाळा, मी भिंग उचललं.

मी पाय मोजले. निगेटिव्हमध्ये सावली पांढरी दिसते, स्वच्छ मोजता येते. तीन लाकडाचे. दोन तुझ्या बापाचे. वर काळं कापड, त्याचं कुबड. डोकं कापडाच्या आत. आणि एक हात वर केलेला आहे. मारायला नाही रे. तुला, इकडे बघ म्हणून. ते फोटो काढताना पोरांना असाच हात करायचे.

ते जनावर तुझा बाप होता. ते त्याने हाकललं नाही, कारण तोच तो होता.

तू बरोबर बघितलंस आणि मी ते पुसलं. तो तिथे होता याचा एवढाच एक पुरावा होता, तो मी स्वतःच्या हाताने पुसला आणि त्याजागी खोटा माणूस उभा केला, खरा दिसावा म्हणून. मी अशी वेडी. आता रागव हवं तर. पण पुढच्या खोलीत येऊन रागव.

चौकातल्या फोटोवाल्याकडे शिंप्याबरोबर निगेटिव्ह घेऊन गेले. आता सगळं मशीनवर असतं, टीव्हीसारखं दिसतं. तो मुलगा चांगला, मला खुर्ची दिली. बघून म्हणतो, "आजी, फोटो मस्त आहे. फक्त ही पुढची सावली तेवढी घाण करतेय. काढून देऊ? फुकटात." मी म्हटलं, "मेल्या, हात लावून बघ. मी तुझ्या आधी ब्लेड धरलंय." तो घाबरला. शिंपी त्याला म्हणाला, "मावशींचे मालक आहेत ते."

तो फोटो सोबत आहे. दोन पुठ्ठ्यांत घालून पाठवलाय. मोजून बघ.

तुझी आई

११ ऑगस्ट

ती. आईस नमस्कार.

फोटो मिळाला. मोजले. पाच आहेत.

परत मोजले.

ऑफिसात घेऊन गेलो होतो. डबीतलं प्रमाण वजन, ज्याच्याशी बाकीची ताडतो ते, बाहेर काढलं, शेजारी फोटो ठेवला आणि कुणी येईपर्यंत नुसता बसून राहिलो. तो हात मला मारायला उगारलाय, असं मी आजवर धरून चाललो होतो. पोरीलाही तसंच सांगितलं. तिची गोष्ट आता बदलावी लागणार.

तुझ्यावर रागावलो होतो, ते खरं. किती वर्षं, ते मी मोजत नाही. आता फक्त एक विचारायचं आहे. ते माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत आले, तेव्हा काही बोलत होते का? मला काही आठवत नाही. तुला आठवत असेल तर आल्यावर सांग. न आठवत असेल तर बनवून सांगू नकोस.

येत्या रविवारी तिघंही येतो. भिंतीवरचा फोटो तसाच राहू दे. हा त्याच्या शेजारी लावू. खिळा मी आणतो, तुझ्याकडचे सगळे गंजलेले असतात.

चंद्राबद्दल माझं मत कायम आहे. पण त्या काचेतला माणूस मी भिंग लावून पाहिला, हे पोरीला सांगू नकोस. तिला डोक्यावर बसवायचं नाही.

तुझा मुलगा

६ सप्टेंबर

माझ्या लाडक्या शंकासुरे,

फोटोंचं पाकीट मिळालं. शिंपी म्हणतो, आता तुम्ही पोस्टमनला घरचाच धरा.

तुम्ही गेल्यापासून पुढच्या खोलीतली ती खुर्ची मी हलवलेली नाही. तुझा बाप तिच्यात दोन तास बसला होता, एक शिंक नाही! मी धुळीला उगाच बदनाम केलं. त्याने विचारलं होतं ते मी त्याला सांगितलं, तू तेव्हा खाली शिंप्याकडे बटणं निवडत होतीस. चालताना तुझे आजोबा काय बोलत होते, ते मला खरंच आठवत नाही, एवढंच आठवतं की कॅमेरा जड होता, तरी तुझा बाप थकला तेव्हा त्यांनी त्यालाही दुसऱ्या खांद्यावर घेतलं होतं. वळणापर्यंत. तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्तीचा नाही. मग तो खिळा ठोकायला उठला आणि अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, आणि बरं झालं, कारण मग डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

आता फोटोंबद्दल. आईचा छान आलाय. माझा पण, पण मी एवढी बुटकी कधी झाले? शिंप्याचा तोंड उघडं असताना काढलास, तो रुसलाय, ब्लेडने बंद करून द्या म्हणतो. मी म्हटलं, मी आता रिटायर.

आणि दारासमोरचा तो. मी, तुझा बाप, तुझी आई, सकाळच्या उन्हात. तू मागे लिहिलंयस, "आजी, हा जरा बिघडला, माझी सावली आली पुढे, दुसरा काढायला हवा होता."

काही नको. तोच मी मोठा करून आणलाय चौकातून. त्या मुलाने काही विचारलं नाही, नुसता कान धरून उभा राहिला.

त्या फोटोत तुझा बाप खालीच बघतोय, बघितलंस का? सगळे कॅमेऱ्याकडे, आणि तो एकटा पुढे जमिनीकडे. पण या वेळी हसतोय.

मी भिंग लावून मोजलं. दोनच पाय आहेत, आणि एक वेणी. ओळखलं मी.

आजी